जाळलेली वही, वाचलेली वही

१८७५ सालच्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचा बाजार भरला होता. हे सुपे भीमथडीकडचं, पारनेरचं सुपे वेगळं. त्या दिवशी बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण नगर जिल्ह्यात पोचलं आणि पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांतली गावं पेटली. इतिहासात हे 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदलं गेलं. पण चौकशी आयोगापुढे आलेली हकिगत वाचली की दंगा हा शब्द जरा जडच वाटतो. जीवितहानी फारशी झाली नव्हती. गावकरी सावकाराच्या दारात जमत आणि रोखे, गहाणखतं, खातेवह्या मागत. दिल्या तर घेऊन जाळत, नाही दिल्या तर घर फोडून घेत.

त्यांचा राग कागदावर होता, कारण तो त्यांना वाचता येत नव्हता. आपल्या नावावर किती रक्कम आहे, व्याज कसं चढलं, अंगठा नेमका कशावर उठवला, यातलं काही त्यांच्या हातात नव्हतं. सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, कोर्टाला व्यवहाराच्या मुळाशी जायचे अधिकार दिले. गावाला वही वाचता येण्याचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

सावकाराची वही परकी म्हणावी, तर गावाची स्वतःची वही तरी कुठे गावाची होती? ती कुलकर्ण्याच्या रुमालात बांधलेली असे. पाटलाने शेतसारा वसूल करायचा, कुलकर्ण्याने लिहायचा आणि मामलेदाराची स्वारी आली की चावडीवर दप्तर सोडायचं. तक्रार करायची जागाही चावडीच. बांध कोरला, पाणी अडवलं, जनावर शेतात शिरलं, सगळं तिथे. पण चावडीवर चढणार कोण? गावकीची कामं ज्या महारांच्या माथी होती, ते पायरीखाली उभे राहत. बायका चावडीपुढून जाताना पदर सारखा करून पाय उचलत. जुन्या गावगाड्याच्या स्वयंपूर्णतेचं कौतुक करताना ही पायरी आपण फार चटकन ओलांडतो.

इंग्रजांनी १८८४ मध्ये लोकल बोर्डं आणली, १९२० आणि १९३३ मध्ये ग्रामपंचायतींचे कायदे केले. त्यातून काही रस्ते झाले, काही शाळा आणि विहिरी झाल्या. बहुतेक खेड्यांना या घडामोडींची खबर लागली ती पट्टी भरायच्या वेळी.

खरा बदल स्वातंत्र्यानंतरचा. १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम आला आणि त्यात 'ग्रामसभा' आली. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद, मग तो पायरीवरचा असो की पायरीखालचा. त्याच सुमारास कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द झाली, पुढे मुलकी पाटीलकीही गेली. कुलकर्ण्याच्या जागी तलाठी बसला होताच, आता ग्रामसेवक आला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नगर म्हणजे क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरचा. अकोल्याच्या डोंगरातल्या वाडीवर गुरुजी नेमायचे की जामखेडच्या टोकाला दवाखाना द्यायचा, हे आता नगर शहरातल्या जिल्हा परिषदेत ठरू लागलं.

आणि इथे जिल्ह्याचे दोन भाग पडले. पडले म्हणण्यापेक्षा आधीचेच ठळक झाले. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं होतं. प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला आणि त्या उसावर १९५० मध्ये लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला. मग कारखान्याचा रस्ता, कारखान्याची शाळा, कारखान्याचा दवाखाना. उत्तरेतल्या गावाचं काही अडलं तर ते पंचायतीच्या आधी कारखान्याच्या चेअरमनकडे जाई. दक्षिणेकडच्या पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डीच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात असा कोणी वाली नव्हता. तिथे पंचायत म्हणजे एक खोली आणि एक कपाट. दिवाबत्ती, जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टीची थकबाकी. गावाला काही मोठं हवं असेल तर आमदाराला किंवा झेडपीच्या सदस्याला हार घालायचा.

ग्रामसभा कायद्यात होती, पण ती भरायची कशी, हे खेड्यात राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. कोतवाल किंवा पंचायतीचा शिपाई दवंडी देतो. ठरल्या वेळी सरपंच, दोनचार सदस्य आणि ग्रामसेवक येतात. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी कुठून येणार? कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र कोरमची अट नाही. म्हणून पुढच्या तारखेला त्याच चारसहा माणसांत सगळे विषय मंजूर होतात आणि मागाहून रजिस्टर घरोघर सह्यांसाठी फिरतं. कायद्याने ठेवलेली ही मागची खिडकी अनेक गावांत समोरचा दरवाजा होऊन बसली. गावाची वही पुन्हा रुमालात गेली. फक्त रुमालाचा रंग बदलला.

मग १९७२ चा दुष्काळ आला. नगर जिल्ह्याच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात काळ अजूनही 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरनंतर' असा मोजला जातो. खडी फोडायची, मुरूम उचलायचा, मस्टरवर अंगठा द्यायचा, सुकडी खायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच अनुभवावर उभी राहिली. पाझर तलाव झाले, नालाबंडिंग झालं. पण ते काम होतं सरकारचं आणि मजुरी होती गावाची. तलाव कुठे घ्यायचा हे गावाला विचारलं जात नसे, आणि फुटला तर गावही कुणाला विचारत नसे.

दुष्काळानंतर तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, लष्करातून परतलेले किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत राहायला आले. पदरच्या पैशातून त्यांनी पडझड झालेलं यादवबाबांचं मंदिर नीट केलं आणि गावाची बैठक चावडीवरून देवळात नेली. हा बदल दिसतो तेवढा लहान नाही. देवळात शपथ घेता येते. पहिली शपथ दारूभट्ट्या बंद करण्याची होती. पुढे श्रमदान आलं, नाले अडवले गेले, धान्य बँक निघाली, गावकऱ्यांनी स्वतःची शाळा काढली. पुरंदरमध्ये पाणी पंचायतीचा प्रयोग करणारे विलासराव साळुंखे यांची मदत पाणलोटाच्या कामात झाली. कर्जबाजारी दलित कुटुंबांच्या जमिनीवर गावाने राबून त्यांचं कर्ज फेडल्याची हकिगत राळेगणच्या प्रत्येक चरित्रात येते.

दुसरी बाजूही लिहिली गेली आहे. दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून फटके दिले जात, हे अण्णांनी कधी लपवलं नाही, उलट समर्थनच केलं. मुकुल शर्मांसारख्या अभ्यासकाने दाखवून दिलं की गावाच्या एकमुखी शिस्तीत दलित वस्तीच्या खाण्यापिण्यावरही दडपण येत होतं आणि पंचायतीची निवडणूक वर्षानुवर्षं होतच नव्हती. मला ही टीका राळेगणच्या पुण्याईत मोडता घालणारी वाटत नाही. ती न वाचता राळेगण सांगणं म्हणजे चावडीची पायरी पुन्हा न पाहता ओलांडणं.

सरकारने राळेगणकडे पाहून १९९२ मध्ये आदर्श गाव योजना काढली आणि तिची धुरा अण्णांवर सोपवली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही पंचसूत्री तिथली. आधी गावाने ग्रामसभेत ती मान्य करायची, मग योजना. राज्यभर गावं निवडली गेली. त्यांतलं जे सर्वांत पुढे गेलं ते नगर तालुक्यातच होतं, शहरापासून सतरा किलोमीटरवर: हिवरे बाजार.

हिवरे बाजार पूर्वी पैलवानांचं गाव म्हणून ठाऊक होतं. बहात्तरनंतर ओळख बदलली. विहिरी आटल्या, डोंगर बोडका झाला, गावठी दारू गाळली जाऊ लागली, भांडणं पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ लागली आणि कर्ती माणसं पुण्यामुंबईला किंवा नगरच्या विटभट्ट्यांवर निघून गेली. शिक्षा म्हणून बदली करायची तर ती हिवऱ्याला, असं सरकारी नोकरांत बोललं जाई. शाळा चौथीपर्यंत.

१९८९ मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंच व्हायला लावलं. एम.कॉम. झालेला मुलगा, क्रिकेट चांगलं खेळायचा, घरच्यांना वाटत होतं नोकरी लागेल. तो गावच्या राजकारणात पडतोय हे त्यांना मुळीच रुचलं नव्हतं. निवड बिनविरोध झाली. नव्या पंचायतीने हात घातला तो शाळेला, पाण्याला नव्हे. गुरुजी गावात टिकले पाहिजेत, खोल्या नीट पाहिजेत, वर्ग वाढले पाहिजेत. मला यात मोठी व्यवहारबुद्धी दिसते. पाणलोटाचं फळ पाचसात वर्षांनी दिसतं, शाळेची भिंत महिन्यात दिसते. फाटलेल्या गावाला आधी महिन्यात दिसणारं काहीतरी लागतं.

मग डोंगर. वन खात्याच्या ओसाड जमिनीवर गावाने संयुक्त वन व्यवस्थापनात झाडं लावली. याच गावाने पूर्वी तिथली झाडं तोडली होती, त्यामुळे खात्याचा विश्वास बसायला वेळ लागला. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी म्हणजे शेळ्या पाळणाऱ्याच्या पोटावर पाय, हे उघड होतं. म्हणून बंदीबरोबर गवत आलं: चरायला नेऊ नका, पण नाममात्र पैसे भरून कापून न्या. १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं, यशवंत कृषी ग्राम व पाणलोट विकास संस्था काम पाहू लागली आणि पंचवार्षिक आराखडा तयार झाला. डोंगरावर समतल चर, खाली मातीचे आणि दगडी बांध, ओढ्यावर बंधारे. १९९५ च्या पाहणीत १८० कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. तीन वर्षांनी ती ५३ वर आली. गेलेली कुटुंबं परत येऊ लागली, आणि हे त्या काळच्या नगर जिल्ह्यात ऐकिवात नव्हतं.

हेच पाणी कोणत्याही गावाने अडवलं असतं. जिल्ह्यात इतरत्रही अडवलं जात होतं. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत आणि आसपास जेझुइट पाद्री हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने भारत–जर्मन पाणलोट कार्यक्रम चालू होता आणि तिथेही चराईबंदीवरून मेंढपाळांशी गावाची तुंबळ वादावादी झाली. हिवऱ्याचं वेगळेपण अडवलेल्या पाण्याच्या पुढे सुरू होतं. जिल्ह्यात पाणी आलं की ऊस आणि ऊस आला की बोअर, हा क्रम ठरलेला. हिवऱ्याच्या ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी केली आणि ऊस, केळी यांनाही. प्रवराकाठच्या माणसाला हा निर्णय वेडेपणाचा वाटला असता. सरासरी चारशे मिलिमीटर पावसाच्या गावाला तो परवडणारा एकच निर्णय होता. जमीन गावाबाहेरच्याला विकायची नाही, हेही ठरलं.

आणि मग आला पाण्याचा ताळेबंद. २००४ पासून दरवर्षी पाऊस सरला की गाव हिशेबाला बसतं. पर्जन्यमापकावर किती मिलिमीटर नोंदले, निरीक्षण विहिरींची पातळी कुठे आहे, त्यातून जमिनीत किती मुरलं, माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल, उरलं त्यात रब्बीला काय घ्यायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने आकडेमोड शिकवली, शाळेतली मुलंही ती करू लागली. पाऊस चांगला असेल त्या वर्षी गहू, कांदा, भाजीपाला. कमी असेल तेव्हा ज्वारी, हरभरा, आणि काही रान पडीकच. प्यायचं पाणी आधी, जनावरांचं त्यानंतर, पिकाचं शेवटी. ज्याची विहीर तुडुंब आहे त्यालाही आपल्या विहिरीचं पाणी गावाच्या जमाखर्चात मोजलेलं ऐकावं लागतं. १८७५ मध्ये ज्या तालुक्यांनी न वाचता येणारी वही जाळली, त्यांतल्याच एका तालुक्यातलं गाव आता स्वतःची वही माइकवर वाचत होतं. कोरमचा प्रश्न आपोआप सुटला. आपल्या रब्बीचा निकाल लागणार असेल त्या सभेला कोण जाणार नाही?

राळेगणहून निघालेली दुसरी वाट मंत्रालयाकडे गेली. गावच्या कामावर किती खर्च झाला हे विचारायचा हक्क कायद्यात हवा, या मागणीसाठी अण्णांची आंदोलनं चालली होती. ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांचं उपोषण सुरू असताना महाराष्ट्राच्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्राचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी आला. २००३ मध्येच ग्रामपंचायत कायद्यातही दुरुस्त्या होऊन ग्रामसभेचे अधिकार वाढले आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक झालं. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या होत्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्यापर्यंत वाढवल्या. महिला सभेची अवस्था बहुतेक ठिकाणी तहकूब सभेसारखीच झाली, हे कबूल केलं पाहिजे. तरी दारूबंदीच्या वेळी फरक दिसला. उभी बाटली की आडवी बाटली या मतदानात ज्या गावांनी दुकान बंद केलं, तिथे रांग बायकांची होती. पूर्वी चावडीपुढून पाय उचलून जाणाऱ्यांच्या नातींची.

हिवऱ्याची कीर्ती देशभर गेली. शेकडो सरपंच सहलीला यावेत तसे येऊ लागले, पोपटराव राज्याच्या आदर्श गाव समितीचे कार्याध्यक्ष झाले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण एक गोष्ट या सगळ्यात तीस वर्षं झाकून राहिली होती. गावात मतदानच झालेलं नव्हतं. बिनविरोध हा शब्द आपल्याकडे शाबासकीसारखा वापरला जातो. २०२१ च्या पंचायत निवडणुकीआधी पारनेरचे आमदार नीलेश लंके यांनी बिनविरोध होणाऱ्या गावांना पंचवीस लाखांचा निधी जाहीर केला, आणि असा मोह इतर आमदारांनीही दाखवला. गट फोडून, दारू पाजून, कोंबडं कापून लढल्या जाणाऱ्या निवडणुकांना गावं विटलेली असतात, हे खरंच आहे. पण ज्याला विरोध करायचा आहे त्याने उभं राहू नये यासाठी पैसे द्यायचे, हे लोकशाहीच्या कुठल्या कलमात बसतं? त्यापेक्षा पराभूत उमेदवार बरा. तो निदान मोजता येतो.

१५ जानेवारी २०२१ ला महाराष्ट्रात मतदान झालं आणि हिवरे बाजारमध्ये तीस वर्षांनी पहिल्यांदा मतपेटी, म्हणजे यंत्र, आलं. राळेगणसिद्धीतही मतदान झालं. बातम्यांचा सूर काहीतरी भंगल्यासारखा होता. आदर्श गावातही फूट! मला मात्र वाटतं, गावाचं वय वाढल्याची ती खूण होती. निकाल १८ तारखेला लागला. पोपटरावांच्या पॅनेलने सातही जागा जिंकल्या. विरोधात किती माणसं आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यात कळलं, आणि गाव कोसळलं नाही.

त्याच उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली. जिल्ह्यातली रुग्णालयं भरून गेली होती. हिवऱ्यात पथकं नेमून घरोघर तपासणी झाली, बाधितांचं विलगीकरण झालं, मे महिन्यात गाव करोनामुक्त झालं आणि जूनमध्ये शाळेत मुलं बसली. मतदानात एकमेकांविरुद्ध गेलेल्या घरांतही तपासणीचं पथक तेच जात होतं.

गावाच्या हातात किती आहे आणि किती नाही, हे मात्र यातूनच दिसतं. पाऊस मोजणं, पीक ठरवणं, दुकान बंद करणं गावाला जमतं. शाळेला शिक्षक, उपकेंद्राला परिचारिका, नळयोजनेला मंजुरी हे जिल्हा परिषदेकडून यावं लागतं. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. चौंडीत जन्मलेल्या, बारवा आणि घाटांनी ओळखल्या जाणाऱ्या राणीचं नाव पाण्यासाठी वणवणणाऱ्या जिल्ह्याला शोभतं. पण ते नाव आलं तेव्हा जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेलं कुणीच बसत नव्हतं. सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुका आरक्षणाच्या खटल्यांत अडकल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. चौदा पंचायत समित्यांचंही तेच. पाथर्डीच्या एखाद्या वाडीवरचा सरपंच शाळेच्या गळक्या खोलीचा ठराव ग्रामसभेत रीतसर करतो, ठरावाची नक्कल घेऊन एसटीने नगरला येतो आणि सदस्यांच्या बंद दालनांवरून पुढे जाऊन अर्ज आवक-जावक विभागात देतो.